बाजूला बसण्याचे दिवस

सोहोन्यांच्या घरात धडधाकट बाईने दिवसाउजेडी आडवं पडायचं म्हणजे कारण लागे. ताप चालायचा, बाळंतपण चालायचं आणि महिन्याचे चार दिवस चालायचे. नुसती दमले म्हणून पडले, असं त्या घरात कोणी म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. मनाई कोणाचीच नव्हती, हेही सांगायला हवं. पद्धत नव्हती, एवढंच.

उल्का ही त्या घरची सून. वय सदतीस, पाटबंधारे खात्याच्या रत्नागिरीतल्या कचेरीत क्लार्क. नवरा सलिल हायस्कुलात गणित शिकवायचा, मुलगी उर्वी सहावीत होती, आणि सासू यमुनाबाई सत्तरीला टेकल्या होत्या. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. माळनाक्याच्या मागच्या आळीत चिऱ्याचं बैठं घर, मागे आंब्याची चार कलमं, आणि देवघरात बारा महिन्यांचे कुळाचार.

२००३ च्या ऑगस्टात एकदा कचेरीला उशीर होत होता म्हणून उल्का एस.टी.च्या मागे धावली. अंतर असेल पन्नास पावलांचं. कंडक्टरने बेल मारून गाडी थांबवली आणि वरून ओरडला, "सावकाश काकू, पडाल!" काकू म्हटल्याचं तिला काही वाटलं नाही. पण सीटवर बसल्यावर कचेरीच्या थांब्यापर्यंत तिची धाप काही खाली बसेना. याचा मात्र तिला मनापासून राग आला, कारण कॉलेजात असताना तीन हजार मीटरमध्ये जिल्ह्यात तिच्या पुढे कोणी नसायचं.

ते पळणं सुटलं १९८७ साली. पुण्याला निवड चाचणी होती. पंधरा दिवस उजवी नडगी दुखत होती आणि तिने ती दुखू दिली. पाचव्या फेरीत वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. निदान तिला तरी तो ऐकू आला. हाडाला चीर गेली होती. दीड महिना प्लास्टर, पुढच्या वर्षी लग्न, मग नोकरी, मग उर्वी. पळणं सोडलं असं तिने कधी ठरवलं नाही. ते राहून गेलं, जशी माहेरच्या गावची जत्रा राहून जाते.

बसच्या प्रसंगानंतर आठवड्याभरातच कचेरीच्या फळ्यावर एका पतपेढीचं पत्रक लागलं. संस्थेला पंचवीस वर्षं झाली म्हणून जानेवारीच्या शेवटच्या रविवारी हातखंबा तिठ्यापासून रत्नागिरीपर्यंत तेरा किलोमीटरची दौड होती, पस्तिशीच्या पुढच्या बायकांसाठी वेगळा गट. उल्काने पत्रक दोनदा वाचलं आणि संध्याकाळी घरी न जाता शहराजवळच्या नाचणे गावात श्रीपती पेजे सरांकडे गेली.

पेजे सर तिचे शाळेतले आणि पुढेही तिला तयार करणारे व्यायामशिक्षक. आता निवृत्त होऊन परसात दोडकी-पडवळ करत होते.

"काय गो, लेकीची पत्रिका द्यायला आलीस की काय? एवढ्यात?"

"सर, मला पळायचंय."

सरांनी हातातली कोयती खाली ठेवली. "नाय. दुसऱ्या कोणाकडे जा."

"का?"

"सत्त्याऐंशी साली चूक तुझी नव्हती, माझी होती. माझ्या हातात स्टॉपवॉच होतं, मी तेवढंच बघत होतो. तुझं तोंड बघितलं नाय. त्यानंतर मी एकाही पोरीला लांब पल्ल्याला तयार केलं नाय, ठाऊक आहे?"

तिला ठाऊक नव्हतं. ती पायरीवर बसून राहिली. सरांच्या बायकोने चहा आणला, तो संपला, तरी ती उठली नाही. शेवटी सर म्हणाले, "आधी हाडाच्या डॉक्टरकडे जा. तो हो म्हणाला तर ये."

डॉक्टरांनी फोटो काढला, जुना सांधा बोटाने दाखवला आणि सांगितलं की पळायला हरकत नाही, पण हळूहळू वाढवा. "पुन्हा तिथेच चीर गेली, तर मात्र पळणं कायमचं विसरायचं," असंही सांगितलं. उल्काने हे वाक्य सरांना जसंच्या तसं सांगितलं. घरी सांगितलं नाही.

गणपती गेल्यावर सुरुवात झाली. सरांची शिकवण आता पार बदलली होती. स्टॉपवॉच त्यांनी कपाटात टाकलं होतं. त्याऐवजी एक शंभरपानी वही दिली आणि सांगितलं, की पहाटे डोळा उघडला की अंथरुणातून उठायच्या आधी मानेवर बोट ठेवून मिनिटभर नाडी मोजायची आणि लिहायची. तिची नाडी अठ्ठावन्न भरायची. पासष्टच्या वर गेली तर त्या दिवशी बूट घालायचे नाहीत, मग अंगात कितीही हुशारी वाटो. पळताना तोंडाने एकोणिसाचा पाढा म्हणायचा. पाढा तुटला की वेग जास्त झाला. दर आठवड्याला अंतर वाढवायचं ते दहात दोन एवढंच, आणि तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात निम्म्यावर आणायचं.

"पळून कोण दमत नाय," सर म्हणाले. "पण ताकद येते ती पळताना नाय, पडून राहिल्यावर येते. तरुणपणी मला हे कळलं नव्हतं."

चौथा आठवडा कोणता, हे उल्काने आपल्या मनाने ठरवलं. महिन्याचे चार दिवस त्यात येतील असं तिने बसवलं. सरांनी दोन महिन्यांनी वहीत ते ओळखलं असावं, पण ते नुसते खाकरले.

सव्वापाचला ती घरातून निघे. आठवड्यातून एकदा भाट्याच्या समुद्रकिनारी वाळूत पळायचं असे, कारण ओहोटीला तिथली वाळू घट्ट आणि तरी पायाला मऊ लागते. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते, त्यावरून सर ओहोटी काढून देत. महिन्यातले काही दिवस समुद्र कचेरीच्या वेळेशी जुळत नसे, तेव्हा नाचण्याचा रस्ता. दीड किलोमीटरवरून तीन, तीनवरून पाच. एकोणीस सत्ते एकशे तेहतीस म्हणत एक बाई पहाटे धावते, ही बातमी आळीत आठ दिवसांत शिळी झाली.

सहाव्या आठवड्यात नडगी बोलायला लागली. दुखणं म्हणावं असं नव्हतं, पण कचेरीचा जिना उतरताना पाय आपली आठवण करून द्यायचा. वहीत नाडी सहासष्ट, सदुसष्ट. विशेष म्हणजे हे आकडे सोमवारी यायचे. रविवारच्या रकान्यात तर तिच्या गोलगोल अक्षरात 'विश्रांती' असं लिहिलेलं असायचं. सरांनी ती पानं मागेपुढे करून पाहिली आणि वही परत दिली.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला सर पिशवीभर दोडकी घेऊन सोहोन्यांकडे आले. दिवाळी दहा-बारा दिवसांवर होती. उल्का शेगडीपुढे उभी राहून चकल्या तळत होती. त्याआधी पहाटेपासून तिने दोन खोल्यांची जळमटं काढली होती, गोधड्या धुतल्या होत्या आणि भाजणी दळून आणली होती. सर पडवीत बसून चकली खात राहिले. उल्का बाहेर आली तेव्हा त्यांनी वही मागितली आणि 'विश्रांती'वर काट मारून तिथे आपल्या हाताने लिहिलं: 'चकल्या, गोधड्या, जळमटं. अंदाजे नऊ किलोमीटर.'

"सर, हे काय? हे घरचं काम आहे."

"पायाला काय ठाऊक, तू पळतेस की तळतेस? सहा दिवस पळतेस आणि सातव्या दिवशी सगळ्यात जास्त राबतेस. अशाने ती चीर पुन्हा जाणार, मी लिहून देतो. आठवड्यातून दोनदा दुपारी दोन-तीन तास पाय जमिनीवरून उचललेले पाहिजेत. पडून. नुसतं पडून."

उल्काने सलिलला सांगितलं. सलिल भला माणूस. "मग पड की! कोण नको म्हणतंय?" म्हणून तो पेपर तपासायला बसला. त्याचं खरंच होतं. पुढच्या शनिवारी कचेरी सुटल्यावर दुपारी ती पडली. पाच मिनिटांत मोरीतून भांड्यांचा आवाज आला. यमुनाबाई पाटावर बसून, गुडघा धरत, तिच्या वाटणीची भांडी घासत होत्या. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता, काहीच नव्हतं. सून पडली आहे तर भांडी कोणी तरी घासायला हवीत, इतकं साधं. टोमणा असता तर उल्का पडून राहू शकली असती. ती उठली आणि त्यांच्या हातातून काथ्या घेतला.

दिवाळीनंतर तिचे दिवस आले. लग्न होऊन आली तेव्हा या बाजूला बसण्यावरून तिने सासूशी चांगली खडाजंगी केली होती. पुढे तह झाला: कचेरीत जायचं, घरभर वावरायचं, फक्त स्वयंपाकघर, मोरी आणि देवघर वर्ज्य. या तहातही तिला कमीपणाच वाटत आला होता. पण या वेळी ती कचेरीतून आली, बाजूच्या खोलीत चटई टाकून पडली, आणि कोणी काही म्हणालं नाही. मोरीत आवाज झाला, तो यमुनाबाई आणि सलिल दोघांचा होता, कारण चार दिवस सलिलने कामाला हात लावायचा ही त्या घरातली जुनी रीत. यमुनाबाईंना सून पडली आहे असं दिसतच नव्हतं. त्यांना ती बाजूला दिसत होती. पाचव्या दिवशी नाडी सत्तावन्न. नडगी गप्प.

नोव्हेंबरच्या मध्यावर थकवा पुन्हा साचला. शनिवारी कचेरीतून आल्यावर उल्काने चपला काढता काढता, कोणाकडे न बघता म्हटलं, "मी बाजूला आहे." तारीख अजून दहा दिवस लांब होती. शिवाशिवीवर तिचा कधीच विश्वास नव्हता, तरी हे बोलताना तिचे कान तापले. मग ती चटईवर पडली आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपली.

डिसेंबरात तिने तेच केलं. अंतर दहा किलोमीटरवर गेलं, नाडी खाली राहिली, पाढा तुटेनासा झाला. सर वही बघून खूश. या महिन्यात दोन हलके आठवडे कसे, हे त्यांनी विचारलं नाही. उल्कालाही वाटलं की गाडी रुळावर आली. एवढी हिशेबी बाई, पण एक गोष्ट साफ विसरली. ज्या घरात वर्षभर देवाचं काही ना काही असतं, सवाष्ण जेवायला सांगायची असते, वळवटापासून पापडापर्यंत सगळं सोवळ्यात करायचं असतं, त्या घरात सुनेची तारीख सासूला तोंडपाठ असते. पंधरा वर्षं दर सणाच्या आधी "तुझी तारीख कधी गो?" हा प्रश्न तिने ऐकला होता.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती तिसऱ्यांदा बाजूला बसली. संध्याकाळी यमुनाबाई खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात पातळाची घडी होती, ती त्यांनी उलगडली आणि पुन्हा घातली.

"उद्या कचेरीत जाऊ नको. डॉक्टरीणबाईंकडे नाव घातलंय. दहा वाजता."

"कशाला, आई? काय झालं?"

"महिन्यातून दोन दोनदा होतंय तुला. तीन महिने बघत्ये. माझ्या धाकट्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. अडतिसाव्या वर्षी गेली ती. सांगायला लाजली, नि वेळ गेली." त्यांचा आवाज नेहमीसारखा होता, पण घडी काही नीट होईना. "तू लाजू नको. मी येत्ये बरोबर. सलिलला काही बोलले नाही अजून."

उल्का उठून बसली. खोटं सांगून डॉक्टरीणबाईंकडे जाणं आणि खरं सांगणं, यांत निवड करायला तिला क्षणही लागला नाही. तिने सगळं सांगितलं: जुनी चीर, डॉक्टरांचं वाक्य, सरांनी सांगितलेलं पडून राहणं, आणि तीन वेळचं खोटं.

यमुनाबाईंनी पातळाची घडी काखेत घेतली. "म्हणजे तुला काही झालेलं नाही."

"नाही, आई."

"तीन महिने रोज पहाटे तू पळायला गेलीस की मी देवापुढे बसत असे." मग म्हणाल्या, "पडायचं होतं तर तसं सांगायचं होतंस."

"सांगून पडले होते एकदा. तुम्ही भांडी घासायला बसलात."

यमुनाबाई पातळ घेऊन निघून गेल्या आणि पाच दिवस उल्काशी कामापुरतंच बोलल्या. विटाळ खोटा निघाल्याचा राग त्यांना होता की बहिणीच्या आठवणीचा, ते उल्काला समजलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. पश्चात्ताप म्हणून ती घरात दुप्पट राबली. पाचव्या पहाटे नाडी अडुसष्ट होती, आणि नडगीवर अंगठा दाबला तर बोटभर जागा ठणकत होती. सरांनी ती जागा दोनदा दाबून पाहिली.

"ही तीच जागा आहे. दहा-बारा दिवस आहेत. पाऊल टाकायचं नाय. पडून राहायला जमत असेल तर पळ, नसेल तर मी तुला हातखंब्याला उभी राहू देणार नाय. पुन्हा तो आवाज मला ऐकायचा नाय गो."

संक्रांत तीन दिवसांवर होती. सोहोन्यांकडचं हळदीकुंकू म्हणजे चाळीस बायका, तिळाचे लाडू, वाणं, आणि दोन दिवस पायावर. उल्का त्या सकाळी रजा टाकून तीळ निवडायला बसली, मग पाट काढायला उठली आणि पडवीची पायरी उतरताना तिने चौकट धरली. यमुनाबाई तुळशीपाशी उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं.

त्या आत गेल्या. बाजूच्या खोलीतून चटई झटकल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "जा, बस बाजूला."

"आई, माझी तारीख अजून..."

"आठ दिवसांवर आहे. ते कळायला मला विचारावं लागत नाही. जा म्हणत्ये ना."

उल्का जाऊन पडली. अर्ध्या तासाने शेजारच्या सावित्रीकाकू कोपऱ्यावरून हाका मारत आल्या. हळदीकुंकू कधीचं, लाडवांना मदत लागेल का, उल्का कुठाय? उल्का चटईवर श्वास धरून राहिली. यमुनाबाई खोटं बोलत नसत. गवळ्याने चुकून जास्त घातलेलं दूध परत करणारी ती बाई होती.

"उल्का बाजूला आहे," त्या पडवीतून स्वच्छ आवाजात म्हणाल्या. "या वर्षी आमच्याकडे हळदीकुंकू नाही हो. आळीत सांगून टाका सगळ्यांना."

दहा दिवस उल्का कचेरीतून यायची ती थेट चटईवर. सलिलने भांडी घासली, उर्वीने केर काढला, आणि भांड्यांचा आवाज ऐकू आला तरी उल्का उठली नाही. हे तिला सगळ्यात अवघड गेलं. तेरा किलोमीटर त्यापुढे काहीच नव्हते. ठणका आधी बोटभराचा होता, मग नखाएवढा झाला, मग शोधूनही सापडेना. शेवटच्या गुरुवारी सरांनी तिला दोन किलोमीटर पळवलं, एकोणिसाच्या पाढ्यात.

पंचवीस जानेवारीला हातखंबा तिठ्यावर तिच्या गटात नऊ बायका होत्या. तिने पहिले चार किलोमीटर सगळ्यांना पुढे जाऊ दिलं, चढावर पाढा म्हणत राहिली, आणि एक तास तेवीस मिनिटांत शहरात पोचली. पाचवी आली. पेजे सर शेवटच्या वळणावर उभे होते. ते घड्याळाकडे बघत नव्हते, तिच्या पायाकडे बघत होते. ती थांबल्यावर त्यांनी रस्त्यातच खाली बसून तिची नडगी दाबली आणि मग तोंड फिरवून नाक शिंकरलं.

घरी यायला बारा वाजले. जेवणं झाली. यमुनाबाईंनी विचारलं, "आता किती दिवस पडायचं म्हणतात सर?"

"आठवडाभर काही करायचं नाही म्हणाले."

"मग पड." आपणच चटई टाकून त्या दाराशी टेकून उभ्या राहिल्या. लगेच गेल्या नाहीत. "तू तो तह केलास ना, तेव्हा मला तुझा राग आला होता. शिवाशिवीचा नव्हे. मला वाटलं, ही वेडी हातातलं सोडत्ये."

उल्काला कळलं नाही. तिने मान वर केली.

"आमच्या वेळी चार दिवस म्हणजे चार दिवस. कोणी हाक मारायचं नाही, कोणी ताट मागायचं नाही. मी पाच बसत असे. कधी सहासुद्धा. सासूबाईंना ठाऊक असणार, बोलल्या नाहीत कधी. एकोणपन्नासाव्या वर्षी थांबलं तेव्हा मी परसात जाऊन रडले. तुझ्या सासऱ्यांना वाटलं, म्हातारपणाला भ्यायली. मी त्यांना काय सांगणार? की आता मरेपर्यंत पडायला कारण उरलं नाही म्हणून?"

उल्का भिंतीकडे सरकली, आणि उशी चटईच्या मधोमध ओढली.

"पाच मिनिटं हो," म्हणत यमुनाबाई गुडघा धरून टेकल्या, मग आडव्या झाल्या. तीनचा ठोका पडला, चारचा पडला. त्या दिवशी सोहोन्यांकडे साडेपाचपर्यंत कोणी चहा केला नाही.